कुणाच्या नावे?

घर दुरुस्त करणारा कंत्राटदार आणि मुलीसाठी स्थळ यांची चौकशी एकाच पद्धतीने करायची असते, असं आमच्या शाखेतले कॅशियर सांगतात. चार ठिकाणी विचारायचं, फार गोड बोलणाऱ्यापासून दूर राहायचं आणि पहिल्याला लगेच हो म्हणायचं नाही. सल्ला उत्तम आहे. फक्त त्यांचं स्वतःचं घर गळतं आणि जावयाशी त्यांचं बोलणं बंद आहे, हे मला नंतर कळलं.

माझं घर गळत नाही, कारण पुण्यात मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गळण्याचा मान चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे आहे. गळत होतं ते आमचं राजापूर तालुक्यातलं घर. पणजोबांनी १९३० च्या सुमाराला बांधलेलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी असते. पुण्याला ये म्हटलं की ती म्हणते, "तुझ्याकडे येऊन मी काय लिफ्टमध्ये बसू?" २०२४ च्या जुलैत तिचा फोन आला. सुरुवातीला शेजारच्या गाईची प्रकृती, मग आंब्याचं बेगमीचं लोणचं आणि शेवटी सहज सांगावं तसं, "बाकी ठीक. देवांवर छत्री धरून ठेवली आहे."

देवांनी आपल्यावर छत्र धरायचं की आपण देवांवर, हा प्रश्न कीर्तनकारांचा. मी आठवड्याची रजा टाकली.

आता योगायोग बघा. त्याच महिन्यात आमच्या बँकेने आम्हाला पर्यावरणपूरक घरांसाठीच्या कर्जाचं दोन तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. वातानुकूलित हॉल, प्रत्येकापुढे प्लॅस्टिकची पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्याच फोल्डरात परिपत्रक. परिपत्रकात 'शाश्वत घर' असा शब्द होता. लहानपणापासून कीर्तनात बुवा सांगत आले की या जगात शाश्वत असं काही नाही. परिपत्रकात मात्र म्हटलं होतं की शाश्वत घराला नेहमीपेक्षा कमी व्याजदराने कर्ज मिळेल. मी कॉमर्सचा पदवीधर. बुवा की बँक असा प्रश्न आला की मी बँकेच्या बाजूचा. तेव्हा घर दुरुस्त करायचं तर शाश्वतच करायचं, असं ठरवून मी एस्टीत बसलो.

पहिला कंत्राटदार तालुक्याच्या गावाहून आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, पांढरे बूट. सिमेंटच्या धंद्यात आणि जुलैतल्या कोकणात एवढं पांढरं राहायला काय करावं लागत असेल, ते मी विचारायला हवं होतं. त्याने डॉक्टरसारखी भिंतीवर बोटं वाजवली, मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, हे काढून टाका. सगळं. वर स्लॅब टाकू. अठ्ठावीस लाख. चार महिन्यांत चावी."

"शाश्वत होईल ना?" मी विचारलं.

"सिमेंट आहे साहेब. शंभर वर्षं बघायला नको."

वर्षं तो बघणार नव्हता आणि मीही नव्हतो, त्यामुळे या मुद्द्यावर आमचं एकमत झालं. मग जाता जाता तो उदारपणे म्हणाला, "जुनं लाकूड, कौलं, चिरे, सगळं आमची माणसं उचलून नेतील. त्याचे पैसे तुम्हाला लावत नाही." मी आभार मानण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "अरे, त्यांना चहा दे आणि लाकडाचं मग बघू म्हणावं." आईच्या आवाजातला हा 'मग' मी ओळखतो. लहानपणी बोहारीण आली की तो ऐकू यायचा.

तुळया सागाच्या होत्या. नव्वद वर्षं वाळलेला साग. आज तसला विकत घ्यायला गेलो तर बँकेतून कर्ज काढावं लागेल आणि अर्जावर सही करायला वरिष्ठ कां-कू करतील. तो माणूस पैसे न लावता तो उचलून नेणार होता, आणि मी बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस त्याला 'थँक्यू' म्हणणार होतो.

स्लॅबबद्दलही नंतर थोडं वाचलं. चुनखडीचा दगड भट्टीत चौदाशे-साडेचौदाशे अंशांवर भाजतात तेव्हा सिमेंट होतं. भट्टीचा धूर निघतो तो वेगळाच, पण दगड भाजताना त्याच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो धुराहून जास्त. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक. जगभरात माणसं जेवढा हा वायू सोडतात त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा धरतात. शिवाय आमच्याकडे समुद्राची हवा. स्लॅबमधली सळई खाऱ्या हवेने गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की सिमेंटचे पोपडे जेवणाच्या ताटात पडतात. आमच्या गावात पंचवीस वर्षांचे असे दोन स्लॅब आहेत. त्यांच्यावर आता पत्रा घातला आहे.

दुसरा गृहस्थ पुण्याहून आला. हा परिपत्रकातलाच माणूस. तरुण, शिकलेला, बोलायला नम्र. त्याने लॅपटॉपवर चित्रं दाखवली. प्रत्येक घराच्या चित्रात एक बांबू, एक तळं आणि एक पांढरं मांजर होतं. अंदाजपत्रक सेहेचाळीस लाखांचं. त्यात ईशान्येकडून आणायची बांबूची जमीन होती, दुहेरी काचेच्या खिडक्या होत्या, त्या खिडक्या लावल्यावर वारा बंद होणार म्हणून वातानुकूलन होतं, ते चालवायला छपरावर सौर तावदानं होती, आणि एवढं केल्याबद्दल घराला गुण मिळून प्रमाणपत्रही मिळणार होतं. आई म्हणाली, "म्हणजे आधी वारा बंद करायचा, मग विकत घ्यायचा, आणि वर सत्कार?"

पण त्याची थट्टा इथेच थांबवतो, कारण माणूस लबाड नव्हता. पहिल्याने जो प्रश्न विचारला नव्हता तो याने विचारला. "काकू, एप्रिलमध्ये दुपारी ऊन कुठून येतं?" आईने त्याला पश्चिमेची खिडकी दाखवली. तिथे पडवी चार हात पुढे काढा, असं त्याने सांगितलं, आणि ते बरोबर होतं. लॉरी बेकर यांच्याबद्दलही त्यानेच सांगितलं. हे १९१७ साली इंग्लंडात जन्मलेले वास्तुविशारद. हिंदुस्थानात आले ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांचं काम करायला, आणि इथलेच झाले. केरळात त्यांनी गरिबाला परवडतील अशी घरं बांधली आणि २००७ साली तिथेच वारले. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावं असं गांधीजींनी आपल्याला सांगितल्याचं ते सांगत. स्लॅब ओतताना मध्ये मध्ये जुनी कौलं घालायची, म्हणजे तेवढं काँक्रीट वाचतं, ही युक्ती त्यांनी पुष्कळ वापरली. मी विचारलं, "मग पाच मैलांत हा बांबू कुठला?" तो हसला आणि म्हणाला, "क्लाएंट्सना आवडतो." हे उत्तर मात्र मला दोन रात्री पुरलं. क्लाएंट मीच होतो.

तिसरा माणूस मी बोलावलाच नव्हता. तो छपरावर होता. गावचाच गवंडी. पासष्टीचा असेल. देवघरावर प्लॅस्टिक टाकायला आईने त्याला बोलावलं होतं आणि माझ्या सगळ्या बैठका तो वरून ऐकत होता. खाली उतरून त्याने हात धुतले आणि म्हणाला, "भाऊ, घराला काय झालेलं नाही."

"गळतंय की, मेस्त्री!"

"कौलं फुटली म्हणून गळतंय. तीन वर्षं शाकारणी केली नाहीत. अकरा वासे गेलेत, वाळवीने. रिपा बदलाव्या लागतील. आढं, तुळया, भिंती, कशाला हात लावू नका. न्हाणीघर तेवढं नवीन बांधा, काकींना रात्री अंगणातून जावं लागतं. सहा, फार तर सात लाख. रोजावर करीन. ठोक्यावर नाय करायचा."

अठ्ठावीस, सेहेचाळीस आणि सात. आता इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. जास्त मागणाऱ्याचा आम्हाला संशय येत नाही. तो तारण देतो. कमी मागणाऱ्याचं काय करायचं याचा नियम मॅन्युअलमध्ये नाही. हा माणूस स्वतःचं काम का कमी करतोय? यात याचा फायदा काय? आणि रोजावर म्हणजे तर दिवस मोजायचे. गवंडी दिवस लांबवणार, चहा वाढणार. ठोक्यावर दिलं तर तो घाई करून उरकणार. रोज म्हटला तर आळस आणि ठोका म्हटला तर कचकच. माणसाला प्रामाणिक राहायला सोयीचा असा पगार अजून कुणी काढलेला नाही. आमच्या बँकेतही नाही.

माझा चेहरा त्याने वाचला असावा. म्हणाला, "माझं काम बघायचं तर आत्ता बघा. पावसात. उन्हाळ्यात सगळ्यांचीच घरं चांगली."

तुम्हाला सांगतो, इतकं शहाणपणाचं वाक्य आमच्या दोन तासांच्या प्रशिक्षणात एकही नव्हतं. छत्री घेऊन मी दोन दिवस त्याने केलेली चार घरं पाहत हिंडलो. आणि कानाला खडा लावून एक गोष्ट शिकलो की अशा वेळी घराच्या मालकाला काही विचारू नये. मालकाला फक्त खर्च आठवतो, आणि तोही वाढवून. घरातल्या बाईला विचारावं. पाणी कुठे साचतं, धूर कुठे कोंडतो, दार पावसात फुगतं का, हे तिला माहीत असतं. पहिल्या घरी सांगितलं, "माणूस बरा, पण वेळेवर येईल तर शपथ." दुसऱ्या घरी, "तंबाखू फार." तिसऱ्या घरातल्या बाईने मला सरळ न्हाणीघरात नेलं. "हा उतार बघा. आधी उलटा केला होता. पाणी घरात यायचं. मी बोलले तर आठ दिवस आलाच नाही. मला वाटलं, गेला. मग आला, सगळं फोडलं, परत केलं आणि त्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत."

चौथ्या घरात मी चहा प्यायलो, पण ठरलं होतं तिसऱ्यातच. ज्याची चूक कुणाला सापडलेली नाही अशा माणसाबद्दल आपल्याला काहीच माहिती नसते. याची चूक मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती त्याने कुणाच्या खर्चाने निस्तरली तेही.

इथे मला माझ्या पदवीबद्दल दोन शब्द बोलू द्या, कारण ती उपयोगी पडली असा हा एकच प्रसंग. जमाखर्चाची दुहेरी पद्धत पुस्तकात छापून जगापुढे मांडली ती लुका पाचोली नावाच्या इटलीतल्या एका संन्याशाने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. ज्याच्याकडे जमा काही नाही आणि नावेही काही नाही अशा माणसाला हे सुचावं, यात काही तरी आहे. त्या पद्धतीचं सार एवढंच, की एका खात्यात रक्कम जमा झाली तर ती कुठल्या तरी खात्याच्या नावे पडलेलीच असते. आपोआप काही येत नाही. स्वस्त पडलं असं आपण म्हणतो तेव्हा पाहायचं ते हे, की उरलेले पैसे कुणाच्या नावे टाकले.

पणजोबांनी तीन मैलांवरच्या खाणीतून चिरे आणले. ती खाण अजून आहे. पावसाळ्यात तिच्यात म्हशी डुंबतात. म्हणजे आमच्या भिंती त्या डोंगराच्या नावे आहेत. पहिल्या कंत्राटदाराचा स्लॅब आकाशाच्या नावे पडला असता आणि त्याचा नफा आमच्या तुळयांच्या. दुसऱ्याचा बांबू एका लांबच्या ट्रकच्या डिझेलच्या. असा हिशेब मी एका दोनशे पानी वहीत लिहू लागलो. सौ. म्हणाली, "अहो, दुधाचा हिशेब राहिलाय दोन महिन्यांचा."

काम २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. मेस्त्री खरोखरच वेळेवर आला नाही, पण आल्यावर जे केलं ते पाहत राहावं. कौलं एकेक उतरवून टिचकी मारून पाहायचा. खण्ण वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. न्हाणीघराच्या स्लॅबमध्ये ती बद्द कौलं घालायची हे पुणेकराचं म्हणणं मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "स्लॅबवर कौलं घालतात ते ऐकलं होतं. स्लॅबात घालायची?" मग मी पुण्याला फोन लावून दिला. दोघं अर्धा तास बोलले. पुणेकराने त्या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. हेही वहीत लिहून ठेवलं आहे.

आता वहीतलं एक पान तुम्हाला दाखवायचं नव्हतं, पण इतकं सांगितलं तर तेही सांगतो.

मे उजाडला. न्हाणीघराचं काम वाळूवाचून अडलं. दगड दळून केलेली वाळू तालुक्याला संपली होती आणि ढग दिसायला लागले होते. एका रात्री साडेदहाला दारात टेम्पो उभा राहिला. खाडीची वाळू. निम्मा भाव. पावती नाही. अशी वाळू परवान्याशिवाय उपसता येत नाही हे मला माहीत होतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहानात लहान खाणीलाही पर्यावरणाची मंजुरी लागेल म्हणून सांगितलं, तेही वाचलं होतं. खाडीच्या काठावरची माणसं मासे कमी झाले म्हणतात ते मी त्याच आठवड्यात ऐकलं होतं. हे सगळं मनात असताना मी म्हणालो, "एक ब्रास टाका. आवाज करू नका."

आवाज करू नका! वीस वर्षांत मी एकाही व्हाउचरवर सहीशिवाय पैसे दिलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहीत ती रक्कम लिहायला बसलो तर कुठल्या सदराखाली घालावी ते कळेना. शेवटी 'किरकोळ' लिहिलं. बँकेत कुणी मोठ्या रकमेपुढे किरकोळ लिहिलं की मी पहिलं बोट तिथे ठेवतो.

सकाळी मेस्त्री आला. ढिगातली चिमूटभर वाळू उचलून त्याने जिभेवर ठेवली आणि थुंकला. "खारी आहे. स्लॅबला नाय घालायचा. सळई खाईल." मला वाटलं, तो काही बोलेल. वाळू कुठून आणली, रात्री का आणली. तो काही बोलला नाही. पाच दिवस थांबून त्याने पावतीची वाळू आणवली आणि पहिल्या सरीच्या आदल्या दिवशी स्लॅब ओतला. त्या पाच दिवसांची मजुरी त्याने लावली नाही, कारण काम झालं नाही, आणि मीही लगेच दिली नाही, कारण त्याने मागितली नाही. दिवाळीत दिली. खाडीच्या वाळूचा ढीग अजून परसात आहे. शेजारची मांजरं त्याचा उपयोग करतात.

शेवटी राहिली जमीन. घराची शोभा म्हणजे शेणाने सारवलेली जमीन, असं माझं ठाम मत. उन्हाळ्यात थंड, पायाला मऊ, भट्टी नाही, ट्रक नाही, आणि शेण तर शेजारच्या गोठ्यातलं, म्हणजे गांधीजींच्या पाच मैलांपैकी चार मैल चारशे पावलं शिल्लक. मी हे ओटीवर उभा राहून हात पसरून सांगत होतो. मेस्त्री ऐकत होता. आई झोपाळ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"सारवण तू करणार का?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी हे घर मी सारवलं. त्याआधी तुझ्या आजीने. तिच्या आधी तिच्या सासूने. गुडघ्यावर बसून. तुझ्या वहीत ते कुठे लिहिलंयस?"

मी वही उघडली नाही. त्यात नव्हतंच. डोंगर होता, आकाश होतं, खाडीसुद्धा किरकोळमध्ये का होईना होती. आईचे गुडघे नव्हते. मागच्याच वर्षी मी तिला त्या गुडघ्यांसाठी कोल्हापूरला डॉक्टरकडे नेलं होतं आणि बिल माझ्या बँकेच्या वैद्यकीय योजनेत लावलं होतं. त्याचा आणि ओटीचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

माजघरात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर फरशी घातली. आईने स्वतः जाऊन पसंत केली. निळसर आहे, मला आवडत नाही, आणि किती मैलांवरून आली ते मी विचारलं नाही. ओटी मात्र तशीच ठेवली, एका अटीवर. ती अट मी पाळतो. दोन महिन्यांतून एकदा रात्रीची गाडी पकडतो, सकाळी पोचतो, आणि धोतर वर खोचून बसतो. मधल्या काळात ओटीचे पोपडे निघतात, त्याबद्दल आई काही म्हणत नाही, फक्त बोटाने दाखवते.

परवा असाच ओणवा होऊन सारवत होतो. कंबर धरली होती. आई झोपाळ्यावरून "कोपरा राहिला, कोपरा" म्हणत होती. मेस्त्री रस्त्याने चालला होता, तो बांधाशी थांबला. थोडा वेळ त्याने बघितलं, तंबाखूची पिंक टाकली आणि विचारलं, "काय भाऊ, रोजावर आहात की ठोक्यावर?"

"ठोक्यावर," आई म्हणाली. "बघ ना, किती घाई करतोय."